माळवदाची माती उतरवली, वाडा राखला

एप्रिल महिन्यात एका गावी गटाच्या बैठकीला गेले होते. बैठक एका जुन्या वाड्याच्या ढाळजेत होती. बाहेर रस्त्यावर कुत्रंसुद्धा फिरकत नव्हतं इतकं ऊन. आत पंखा नव्हता, तरी वीस बायकांपैकी एकीनेही पदराने वारा घेतला नाही. बैठक संपली, बचतीची वही मिटली, आणि वाड्याच्या मालकीणबाई म्हणाल्या, “ताई, पुढच्या बैठकीला हे घर नसणार बघा. पाडायचं ठरलंय. दिवाळीनंतर स्लॅब टाकायचा.”

मी विचारलं, “का हो काकू? एवढं थंडगार घर.”

त्या म्हणाल्या, “थंड हाय, पण झाडायचं कुणी? पावसाळ्यात गळतं. आन् रात्री झोप लागत नाही. वर बघत पडते.”

‘वर बघत पडते’ म्हणजे काय, हे लातूर-धाराशिवकडच्या बाईला समजावून सांगावं लागत नाही. पण ऐकणाऱ्या सगळ्याच इकडच्या नाहीत. म्हणून आज मी आपल्या या मोठ्या, जुन्या घरांचा इतिहास सांगणार आहे. ती कशी बांधली, कोणाच्या कष्टावर चालली, कशी पडली, हे सगळं. आणि आमच्या स्वतःच्या वाड्याचं आम्ही काय केलं, तेही सांगणार आहे. घर पाडायचं की ठेवायचं हा प्रश्न आज गावोगाव आहे, आणि तो विचारताना घरातल्या बाईला फारसं कुणी विचारत नाही.

खणांवर मोजलेलं घर

वाडा म्हटलं की पुण्याचा शनिवारवाडा आठवतो. त्याचा पाया १० जानेवारी १७३० रोजी घातला गेला आणि दोन वर्षांनी, १७३२ च्या जानेवारीत वास्तुशांत झाली. त्याचं सागवान जुन्नरच्या जंगलातून आलं, दगड चिंचवडच्या खाणीतून, चुना जेजुरीहून. म्हणजे पेशव्यांच्या वाड्याचं सामानसुद्धा शंभर किलोमीटरच्या आतून, बैलगाडीने आलं. २७ फेब्रुवारी १८२८ रोजी त्या वाड्याला आग लागली, लाकडी मजले जळून गेले आणि दगडी जोतं, तटबंदी तेवढी मागे राहिली.

आपल्या मराठवाड्यातले वाडे यापेक्षा साधे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो. देशमुख, पाटील, देशपांडे, सावकार यांची ही घरं. घर किती मोठं हे आपल्याकडे फुटांत सांगत नसत, खणांत सांगत. दोन तुळयांच्या मधली जागा म्हणजे एक खण. सोयरीक जुळवताना पाहुणे विचारत, “घर किती खणांचं?” आमचा वाडा सोळा खणांचा.

दगड गावच्या शिवारातला काळा पाषाण. भिंत दोन-अडीच फूट रुंद, कुठे तीन फूटसुद्धा. बाहेरून एक दगडाचा थर, आतून दुसरा, मधे बारीक दगड आणि चिखल. आत लाकडी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर फळ्या किंवा किलचन, आणि त्याच्यावर माती. या मातीच्या सपाट छताला माळवद म्हणतात, कुणी धाबं म्हणतात. माती साधी चालत नसे. गावठाणातली पांढरी, खारी माती लागायची, कारण तिच्यात गवत लवकर रुजत नाही आणि दाबून बसली की पाणी वरून वाहून जातं. ते पाणी दगडी पन्हाळीतून खाली पडायचं. छताला हातभर भोक ठेवलेलं असायचं, त्याला आमच्याकडे साणं म्हणतात. त्यातून उजेड यायचा आणि चुलीचा धूर बाहेर जायचा.

खिडक्या कमी आणि उंच, कारण चोरा-दरोडेखोरांची भीती. मधे उघडा चौक, चौकात आड. धान्यासाठी बळद, तेही भिंतीच्या आत बांधलेलं.

अशा घरात गारवा का असतो? जाड दगड-माती सावकाश तापते. दुपारचं ऊन भिंतीतून आत पोचेपर्यंत रात्र उलटून जाते, आणि तोवर बाहेरची हवा गार झालेली असते. चौकातली तापलेली हवा वर निघून जाते आणि तिच्या जागी ढाळजेतून, माजघरातून हवा सरकत राहते. वीज लागत नाही. भट्टीत भाजलेलं काही लागत नाही. घर पडलं तर दगड पुन्हा दगड, माती पुन्हा माती. आज ज्याला पर्यावरणपूरक घर म्हणतात, ते आपल्या आज्यांच्या काळी नेहमीचंच घर होतं.

पण ते चालवत कोण होतं?

इथे जरा थांबू या. जुन्या घरांचं कौतुक करणारे बहुतेक जण ढाळजेत बसून कौतुक करतात. आतल्या घरात काय चालायचं ते बाईला विचारावं.

माझ्या सासूबाईंना मी आत्या म्हणते. त्या लग्न होऊन आल्या तेव्हा घरात सत्तावीस माणसं होती. पहाटे जात्यावर दळण. मग आडाचं पाणी शेंदायचं. माणसांना, जनावरांना, सारवायला, धुण्याला. आठवड्याला सोळा खणांचं सारवण. चुलीला शेणी आणि तुराट्या. साणं होतं खरं, पण वारा उलटला की धूर तिथूनच परत खाली यायचा. पावसाळ्याच्या आधी माळवदावर नवी माती टाकायची. गडी माती वर चढवायचे आणि बायका ती पाणी शिंपून, चोपण्याने चोपून बसवायच्या. आत्या म्हणतात, “वाड्याला वीज लागत नव्हती गं, कारण आम्ही होतो.”

हे मला फार महत्त्वाचं वाटतं. जुन्या घराने कोळसा जाळला नाही, पण बाईचं अंग जाळलं. म्हणून जुन्याकडे जसंच्या तसं परत जा असं मी तुम्हाला सांगणार नाही.

मग काळ बदलला. कूळकायदा आला, १९६१ साली जमिनीच्या कमाल मर्यादेचा कायदा आला. मोठ्या घरांची जमीन कमी झाली, गडी-माणसं कमी झाली. १९७२ चा दुष्काळ पडला, तेव्हा आमच्या वाड्यातला आड पहिल्यांदा आटला. दोन चुलत सासरे कामासाठी पुण्याला गेले ते तिकडेच राहिले. गावोगाव बोअर आले आणि आडाकडे कुणी बघेना. घर तेवढंच राहिलं, माणसं कमी होत गेली. माळवदावर माती टाकायला हात उरले नाहीत, म्हणून मग दरवर्षीच्या पातळ थराऐवजी तीन-चार वर्षांतून एकदा गाडीभर माती वर ओतून मोकळं व्हायचं, अशी पद्धत पडली. जुना थर काढायला कुणाला वेळ नव्हता. थरावर थर चढत गेला.

३० सप्टेंबर १९९३

त्या मातीचं वजन किती झालं होतं ते एका पहाटे कळलं.

अनंत चतुर्दशी झाली होती. गणपती बोळवून लोक उशिरा झोपले होते. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. औसा, उमरगा या भागातली बावन्न गावं जमीनदोस्त झाली. सरकारी आकड्यानुसार जवळजवळ आठ हजार माणसं गेली.

मी तेव्हा चार वर्षांची होते. मला आठवतो तो फक्त आईने उचलून अंगणात नेल्याचा झटका. माझ्या सासरच्या गावात वाड्याची उत्तरेकडची भिंत पडली आणि दावणीची दोन जनावरं गेली. माणूस गेलं नाही. पण आत्यांचं माहेर त्या बावन्न गावांपैकी एक. त्यांची आई आणि भावाचा धाकटा मुलगा माळवदाखाली सापडले.

या भूकंपाची ताकद जगातल्या मोठ्या भूकंपांएवढी नव्हती. तरी इतकी माणसं का गेली, याची कारणं नंतर तज्ज्ञांनी सांगितली, आणि ती आपण समजून घेतली पाहिजेत. भिंतीचे दोन थर एकमेकांत गुंफलेले नव्हते. दोन्ही बाजूंना पोचणारे लांब दगड घातलेले नव्हते. जमीन हलली तशी भिंत मधून उकलली आणि दोन्हीकडे कोसळली. आणि वर माती. हिशेब करून बघा. दहा फूट बाय दहा फूट खोलीवर दीड फूट माती म्हणजे दीडशे घनफूट. एक घनफूट दाबलेली कोरडी माती पंचेचाळीस किलो धरली, तर पावणेसात टन. पावसाने भिजलेली असेल तर आणखी जास्त. एवढं वजन झोपलेल्या माणसांच्या डोक्यावर होतं. जिथे लाकडी खांब आणि तुळया धडधाकट होत्या, तिथे भिंती पडूनही छत खांबांवर उभं राहिलेलं लोकांनी पाहिलं. आमच्या उत्तरेच्या बाजूला तसंच झालं होतं.

त्या रात्रीपासून आत्या माळवदाखाली झोपल्या नाहीत. तीस वर्षं. उन्हाळ्यात चौकात, पावसाळ्यात आणि हिवाळ्यात गोठ्याशेजारच्या पत्र्याखाली. पत्रा तापतो, थंडीत गारठतो, पण त्या म्हणायच्या, “पडला तर पत्राच पडंल.”

बायकांनी घरं बघायला शिकलं

भूकंपानंतर जे झालं त्याचा एक भाग आपल्या गटांचा इतिहास आहे, आणि तो आपल्याच मुलींना माहीत नाही.

पूर्ण पडलेली गावं दुसऱ्या जागी वसवली गेली. पण शेकडो गावांत घरं पडली नव्हती, तडकली होती. त्यांच्यासाठी १९९४ पासून जागतिक बँकेच्या मदतीने सरकारने दुरुस्ती आणि मजबुतीकरणाचा कार्यक्रम चालवला. त्यात पैसे आणि सामान घरमालकाला मिळणार होतं आणि काम त्यानेच करून घ्यायचं होतं. मग लोकांना समजावून कोण सांगणार? प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेने सुचवलं की गावच्या महिला मंडळांना सांगू द्या. हजाराहून जास्त गावांत हे काम झालं. महिला मंडळातल्या बायका ‘संवाद सहायक’ झाल्या. त्यांनी घरोघरी जाऊन भेगा मोजल्या, सिमेंटच्या गोण्यांचा हिशेब ठेवला, गवंड्याला “इथं सळई का नाही घातली?” असं विचारलं. ज्या बाईने तोवर गवंड्याला फक्त चहा दिला होता, ती त्याचं काम तपासू लागली. पुढे २६ जानेवारी २००१ ला कच्छमध्ये भूकंप झाला, तेव्हा लातूर-धाराशिवच्या बायका तिकडच्या बायकांना हेच सांगायला गेल्या.

आमच्या चुलत सासूबाई, मी त्यांना काकी म्हणते, त्या अशाच एक संवाद सहायक होत्या. शिक्षण चौथीपर्यंत. पण जुनं दगडी घर कसं सावरायचं ते त्या आजही बोटांवर सांगतात. एक, माळवदाची जास्तीची माती उतरवा, वीतभर ठेवा. दोन, भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार छिद्र पाडून त्यात सळई आणि काँक्रीट भरा, म्हणजे दोन्ही थर एकमेकांना धरून राहतील. छिद्र पाडताना घण घालायचा नाही, दगड हलवून हलवून काढायचा. तीन, खांब आणि तुळई जिथे भेटतात त्या कोपऱ्यात तिरपा आधार द्या. चार, भिंतीच्या कोपऱ्यांची बांधणी पक्की करा.

पण भीती मोठी होती. लोकांचा दगड-मातीवरचा विश्वासच उडाला. ज्याला जमलं त्याने पत्रा टाकला, पुढे स्लॅब टाकला. त्यांना नावं ठेवायचा मला हक्क नाही. ज्यांच्या घरात माणसं गेली, त्यांना “माती गार असते” असं काय सांगणार?

तरी स्लॅबचाही हिशेब मांडायला हवा. सिमेंट करायला चुनखडी भट्टीत प्रचंड तापवावी लागते. तापवायला इंधन जळतं, आणि चुनखडीतूनही कार्बन वायू निघतो. एक टन सिमेंटमागे अर्ध्या टनाहून जास्त. वाळू नदीतून येते, आणि आपल्या नद्यांची पात्रं काय झाली ते आपण रोज बघतो. आणि पाच इंची स्लॅब दिवसभर तापतो, रात्री ती धग खाली सोडतो. मग पंखा, मग कूलर, कूलरला पाणी. ज्या लातूरला २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथे कूलरला पाणी.

आमच्या वाड्याचं भांडण

आता आमच्या घरची गोष्ट. चार वर्षांपूर्वी आमच्याकडेही पाडायचंच ठरलं होतं. सोळा खणांत आम्ही पाच माणसं. आत्या, आमचे हे, मी आणि दोन मुलं. पुण्याचे भाऊजी म्हणाले, पाडा आणि पुढच्या बाजूला तीन खोल्यांचा स्लॅब टाका. एक व्यापारी खांब, दरवाजे बघूनही गेला. ठेकेदाराने अकरा लाखांचा अंदाज दिला. खरं सांगते, मीही खूश होते. सोळा खण झाडून माझी कंबर मोडली होती.

अडलं ते नणंदबाईंच्या सहीपाशी. त्यांच्याकडून हक्कसोड लिहून घ्यायचं होतं. आपल्याकडे बहिणीने सही करायचीच असते, साडी-चोळी घ्यायची आणि सही करायची. त्यांनी नाही म्हटलं. म्हणाल्या, “मला पैसा नको. पण वाडा पाडायला मी सही देणार नाही. आजीच्या माजघरात मला एक कोपरा ठेवा, बाकी तुम्ही वापरा.” मला तेव्हा राग आला होता. वाटलं, हिला झाडायला लागत नाही म्हणून बोलते.

मग गटाच्या एका प्रशिक्षणात वकीलबाईंनी कायदा सांगितला आणि माझे डोळे उघडले. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यात तेविसावं कलम होतं. कुटुंब राहत असलेल्या घराची वाटणी मागायचा हक्क मुलीला नव्हता. भावांनी वाटणी करायचं ठरवलं तरच. लग्न झालेल्या, नांदत्या मुलीला त्या घरात राहायचाही हक्क तिथे दिलेला नव्हता. महाराष्ट्राने १९९४ मध्ये वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना वाटा देणारी दुरुस्ती केली, आणि २००५ साली देशभरासाठी कायदा बदलला, तेव्हा ते तेविसावं कलमही रद्द झालं. म्हणजे नणंदबाईंचं ‘नाही’ हे हट्टाचं नव्हतं, हक्काचं होतं. आणि उद्या माझ्या मुलीवर हीच वेळ येणार होती.

मी त्यांना फोन केला. म्हटलं, “ताई, पाडत नाही. पण मग कसं राहायचं ते तुम्हीही सांगायला या.” त्या आल्या. आत्या, काकी, नणंदबाई आणि मी, चौघी चौकात बसलो. काकींनी पहिलाच प्रश्न विचारला, “सोळा खणांतले तुम्ही वापरता किती?” मोजलं, तर नऊ.

काय काय केलं

तालुक्याच्या अभियंत्यांना बोलावून घर दाखवलं. हे पाऊल कुणी चुकवू नका. जुन्या घराला हात लावण्याआधी जाणत्या माणसाने खांब, तुळया, वाळवी आणि भिंतींची फुगवटी बघायला हवी.

उत्तरेचे सहा खण १९९३ पासून मोडकेच होते. ते आम्ही पूर्ण उतरवले. त्यांचा दगड परसाच्या भिंतीला आणि आडाच्या कठड्याला वापरला. चांगलं लाकूड व्यापाऱ्याला न देता उरलेल्या दहा खणांच्या तिरप्या आधारांना वापरलं.

मग माळवद. माती उतरवायला घेतली तेव्हा थर दिसले. काही ठिकाणी दीड फुटाहून जास्त. मी एक चूक केली. सुटीच्या दिवशी मजूर मिळाले म्हणून एकाच बाजूची माती सगळी काढायला लावली. काकी धावत आल्या. “अगं, एकीकडून उतरवतेस, घर कलंडायचंय का? सगळीकडून थोडी थोडी काढ.” मग तसं केलं. आता वर आठ इंच माती आहे, तिच्या खाली जाड प्लास्टिकचा कागद. म्हणजे दहा बाय दहाच्या खोलीवर पावणेसात टन होते तिथे तीन टन राहिले. उतरवलेली खारी माती झाडांच्या आळ्यात टाकली नाही, शेतवाटेचे खड्डे बुजवले.

भिंतींना पंचवीस वर्षांपूर्वी एका गवंड्याने सिमेंटचं प्लास्टर केलं होतं, पक्कं म्हणून. दगड-मातीच्या भिंतीतली ओल त्यामुळे आत कोंडली आणि प्लास्टर पोपडे धरून सुटलं. ते खरवडून काढलं आणि चुना-मातीचा गिलावा केला. आरपारच्या सळया काकींनी स्वतः उभं राहून घालून घेतल्या. सिमेंट लागलंच, पण स्लॅबच्या मानाने फार थोडं. जिथे जीवाचा प्रश्न तिथे सिमेंट वापरायचं, एरवी नाही, असं आम्ही ठरवलं.

माळवद दरवर्षी लिंपायला आता हात नाहीत. म्हणून सहाशे चौरस फुटांवर उतरता पत्रा टाकला, मधे हवा खेळायला दोन फूट जागा ठेवून. त्याचे खांब भिंतींवर न टेकवता जमिनीतून वर घेतले. पत्र्याने ऊन अडतं, माती कोरडी राहते, आणि पाणी मिळतं. पाण्याचा हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. सहाशे चौरस फूट म्हणजे छप्पन्न चौरस मीटर. वर्षाला सातशे मिलिमीटर पाऊस धरला तर एकोणचाळीस हजार लिटर. गळती-सांडणी सोडून तीस हजारांच्या आसपास. पहिल्या पावसाचं पाणी बाहेर सोडतो, नंतरचं वाळू-खडीच्या गाळणीतून आडात. गेल्या उन्हाळ्यात आडाला मे महिन्यापर्यंत पाणी होतं. ते आम्ही धुण्या-भांड्याला वापरतो, प्यायला नाही.

विजेचंही थोडं सांगते. पूर्वी दहा खोल्यांत साठ वॉटचे दहा बल्ब होते. पाच तास जळले की दिवसाला तीन युनिट. नऊ वॉटचे एलईडी लावले की अर्ध्या युनिटाच्याही आत. आधी हे करा, मग सौरऊर्जेचा विचार. आम्ही एक किलोवॅटच्या सौर पाट्या बसवल्या. एक किलोवॅटला साधारण शंभर चौरस फूट जागा लागते आणि दिवसाला चारेक युनिट वीज मिळते. २०२४ च्या सूर्यघर योजनेत एका किलोवॅटला तीस हजार रुपये अनुदान आहे. पाट्या जुन्या माळवदावर ठेवल्या नाहीत. गोठ्याला लोखंडी सांगाडा केला, त्यावर ठेवल्या. माळवद हलकं करून त्यावर पुन्हा ओझं चढवण्यात काय अर्थ?

स्वयंपाक गॅसवर. चूल परसात आहे, पाणी तापवायला. साणं पुन्हा उघडून त्याला काच बसवली, त्यामुळे माजघरात दिवसा दिवा लागत नाही. दहापैकी दोन खण गटाला दिले आहेत. तिथे मसाला कुटायचं यंत्र आहे आणि गट भाडं देतो. एक खोली नणंदबाईंची. उरलेलं मला झाडायला जमतं.

सगळा खर्च साडेतीन लाखांवर गेला. थोडे साठवलेले, थोडे भाऊजींनी दिलेले, बाकी गटाचं कर्ज. ते अजून फेडते आहे.

कागदावर कोण?

काम झाल्यावर ग्रामपंचायतीच्या नमुना नंबर ८ वर आम्ही नावं बघितली. तिथे अजून माझ्या आजेसासऱ्यांचं नाव होतं. आता आत्यांचं, भावांचं आणि नणंदबाईंचं नाव लागलं आहे. २०२० पासून स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणांची मोजणी होऊन मिळकत पत्रिका मिळत आहेत. ती मोजणी तुमच्या गावात होईल तेव्हा घरात बसू नका, बाहेर येऊन नाव कुणाचं लागतंय ते बघा. भिंत कुठे ठेवायची, पाणी कुठे साठवायचं, चूल कुठे मांडायची, हे ठरवायला बाईचा शब्द लागतो. आणि शब्दाला वजन यायचं तर कागदावर नाव लागतं.

प्रत्येक वाडा राखण्यासारखा असतो असं नाही. खांब किडले असतील, भिंत पोटाला आली असेल, तर उतरवलेलाच बरा. पण पाडायचं ठरवण्याआधी पुढच्या बैठकीत काही प्रश्न एकमेकींना विचारा. घरातले किती खण आपण खरंच वापरतो? माळवदावर माती किती इंच आहे? घरावर पडणारं पाणी कुठे जातं? नमुना नंबर ८ वर कोणाकोणाची नावं आहेत? आणि तुमच्या गावात १९९४ नंतर घरोघर फिरलेली एखादी संवाद सहायक असेल, तर तिला बैठकीला बोलवा. त्या आता साठी-सत्तरीच्या झाल्या. त्यांच्याकडे जे आहे ते कुठल्या पुस्तकात मिळणार नाही.

आत्यांचं सांगायचं राहिलं. माती उतरत होती तेव्हा त्या रोज चौकात बसून बघायच्या, बोलायच्या काही नाहीत. शेवटच्या दिवशी शिडी लावायला सांगितली आणि सत्तरीत वर चढून हाताने मातीचा थर मापून आल्या. यंदाच्या पावसाळ्यात पत्र्याखालची खाट त्यांनी ओसरीत आणून घेतली. ओसरीवर माळवद आहे. आत माजघरात या म्हटलं, तर म्हणाल्या, “बघू. आधी हा पावसाळा जाऊ दे.”

मी घाई करत नाही.